‘नजर चेंडूवर’ : एका उपदेशाचा इतिहास

बहुतेक खेळांत चेंडू खेळाडूकडे धांवत येतो. क्रिकेटचा चेंडू टप्पा घेऊन वळतो, टेनिसचा जाळ्यावरून उसळत येतो, आणि तो कोणत्या बाजूनें येईल हें आधीं कोणालाच ठाऊक नसतें. गोल्फची तऱ्हा निराळी आहे. येथें चेंडू गवतावर स्वस्थ पडलेला असतो. प्रतिस्पर्धी त्याला हात लावीत नाहीं. घाई करावयाचें कारण नसतें. तरीहि या निश्चल चेंडूवर काठी उगारलेला धडधाकट मनुष्य कधीं त्याच्या मागची माती उडवितो, कधीं त्याच्या माथ्याला ओझरता स्पर्श करून त्याला चार हात घरंगळत पाठवितो, तर कधीं नुसता वारा कापतो. असें झालें कीं शेजारचा सोबती हटकून म्हणतो, "नजर उचललीत!"

चेंडूवरून नजर हलवूं नये, हा या खेळांतला सर्वांत परिचित उपदेश होय. तो खरा आहे काय, आणि खरा असल्यास कोणत्या अर्थानें, हें समजण्यास मात्र पुष्कळ काळ लागला. त्या शोधाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. कारण उपदेश टिकला, पण त्याचें जें कारण सांगितलें जात असे, तें टिकलें नाहीं.

गोल्फचें माहेर स्कॉटलंड. १४५७ सालीं राजा दुसरा जेम्स याच्या कारकीर्दींत तेथील पार्लमेंटानें गोल्फ व फुटबॉल या दोन्ही खेळांवर बंदी घातली. कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून त्यांच्या नादीं लागले होते, आणि इंग्लंडशीं झुंजावयाचें तर तिरंदाज हवे होते. ही बंदी पुढें १४७१ व १४९१ सालीं पुन्हां जाहीर करावी लागली, यावरून ती कितपत पाळली गेली हें उघड आहे. १५०२ सालीं तर खुद्द राजा चौथा जेम्स यानेंच पर्थ येथें गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या.

कायद्यानें एकमेकींसमोर उभ्या केलेल्या या दोन विद्या दृष्टीच्या बाबतींतहि परस्परविरुद्ध आहेत. धनुर्धराची दृष्टि लक्ष्यावर खिळलेली असते. द्रोणाचार्यांनीं घेतलेल्या परीक्षेंत अर्जुनाला पक्ष्याच्या डोळ्याखेरीज कांहींच दिसत नव्हतें. गोल्फच्या खेळाडूचें लक्ष्य मात्र त्याच्या डाव्या खांद्यापलीकडे दोनदोनशें वार दूर असतें, आणि त्यानें पाहावयाचें असतें तें आपल्या पायांपाशीं. त्याची स्थिति पक्ष्याच्या परीक्षेपेक्षां मत्स्यवेधाला अधिक जवळची आहे: दृष्टि खालीं आणि वेध भलतीकडे. मन लक्ष्याकडे ओढ घेतें, मनामागून डोळे जातात आणि डोळ्यांमागून मान. उपदेशाची गरज उत्पन्न झाली ती येथें.

या खेळाच्या शिक्षणाविषयींचें सर्वांत जुनें उपलब्ध लेखन म्हणजे एडिंबरो येथील टॉमस किंकेड या वैद्यकीच्या विद्यार्थ्याची १६८७ सालची रोजनिशी. पाय कसे रोंवावे, चेंडू छातीसमोर कोठें असावा, शरीर कसें फिरवावें, याचीं टिपणें त्यानें केलीं आहेत, आणि उभें राहण्याची ढब त्यानें तलवारीच्या खेळावरून घेतली आहे. पुढें १८४८ च्या सुमारास पिसें भरलेल्या महाग चेंडूंच्या जागीं गटापर्चाचे स्वस्त चेंडू आले, खेळ श्रीमंतांच्या बाहेर पसरला आणि नवशिक्यांची संख्या वाढली. १८५७ सालीं शिक्षणपर पहिलें पुस्तक निघालें. नवशिके वाढले तसे शिक्षक वाढले, आणि शिक्षकांच्या तोंडीं ‘नजर चेंडूवर’ हें सूत्र कायमचें बसलें.

परंतु चेंडू म्हणजे चेंडूचा कोणता भाग? हा प्रश्न हॅरी वार्डन यानें गांभीर्यानें घेतला. ब्रिटिश ओपन ही स्पर्धा १८९६ पासून १९१४ पर्यंत सहा वेळां जिंकणाऱ्या या खेळाडूनें १९०५ सालीं लिहिलेल्या पुस्तकांत, टोल्याच्या वेळीं कोठें पाहावें हें आकृति काढून दाखविलें आहे. चेंडूच्या माथ्याकडे पाहूं नये; त्याच्या पाठीमागें, गवताला लागून असलेल्या बिंदूवर दृष्टि ठेवावी, असा त्याच्या सांगण्याचा रोख आहे. डोळा जेथें, काठी तेथें, ही त्यामागची समजूत. ज्याची दृष्टि माथ्यावर, त्याची काठी माथ्यालाच लागावयाची.

अशा एकाग्रतेचा परमावधि म्हणून १९२० सालचा एक प्रसंग सांगतात. इंग्लंडांत शेरिंगहॅम येथें स्त्रियांच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना चालला होता. अठरा वर्षांची जॉइस वेदरेड ही सेसिल लीच या नामांकित खेळाडूशीं खेळत होती. सतराव्या खळग्यापाशीं निर्णायक टोला घेण्याच्या क्षणींच पाठीमागून आगगाडी खडखडत गेली. चेंडू खळग्यांत पडला आणि सामना वेदरेडनें जिंकला. गाडी जाईपर्यंत थांबली कां नाहींस, असें नंतर विचारतां तिनें उलट प्रश्न केला, "कसली गाडी?"

येथपर्यंतची हकीकत डोळ्यांचा महिमा गाणारी आहे. पण याच सुमारास अमेरिकेंत तिला पहिला धक्का बसला. मिनेसोटा संस्थानांतील डलूथ गांवचा क्लिंट रसेल हा गृहस्थ १९२४ सालीं मोटारीचें टायर तोंडावर फुटून दोन्ही डोळ्यांनीं अंध झाला. १९२५ सालीं त्यानें गोल्फ खेळण्यास आरंभ केला, आणि पुढील दशकाच्या प्रारंभीं अठरा खळग्यांचा डाव त्यानें ८४ टोल्यांत पुरा केला. डोळस माणसांपैकीं पुष्कळांना हा आंकडा जन्मभर गांठतां येत नाहीं. १९३८ सालीं इंग्लंडचे डॉ. बीच ऑक्सनहॅम हे अंध खेळाडू त्याच्याशीं सामना खेळण्यासाठीं समुद्र ओलांडून डलूथला आले. त्यांत रसेल विजयी झाला. दुसऱ्या महायुद्धांत १९४४ सालीं दृष्टि गमावलेल्या चार्ली बॉसवेल यानें तर आंधळा होण्यापूर्वीं गोल्फ खेळलेलाच नव्हता. तो इस्पितळांत असतांना हा खेळ शिकला आणि अमेरिकेंतील अंधांचें अजिंक्यपद सोळा वेळां मिळविता झाला.

अंध खेळाडूचा सोबती त्याला अंतर व दिशा सांगतो आणि काठीचें टोंक चेंडूमागें नेमकें टेकवून देतो. तेथून पुढचा सारा टोला खेळाडूचा. काठी खांद्यामागें जाते, खालीं येते आणि चेंडूला अचूक भेटते. टोल्याच्या क्षणीं चेंडू दिसलाच पाहिजे असें असतें, तर हें कसें घडलें असतें?

याचें उत्तर कांहीं अंशीं छायाचित्रांनीं दिलें. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटचे हॅरल्ड एजर्टन यांनीं लुकलुकणाऱ्या प्रकाशाच्या योगानें १९३८ सालीं डेन्समोर शूट या खेळाडूच्या टोल्याचें छायाचित्र घेतलें. त्यांत काठीच्या एकाच फेऱ्याच्या अनेक अवस्था पंख्याच्या पात्यांप्रमाणें एकत्र उमटल्या आहेत. पुढें १९६८ सालीं कॉक्रन व स्टॉब्स यांनीं ब्रिटनमधील संशोधनाच्या आधारें लिहिलेल्या ग्रंथांत हिशेब मांडला. काठी वरून चेंडूपर्यंत येण्यास सुमारें पाव सेकंद लागतो; चेंडू व काठी यांचा संयोग सुमारें अर्धा सहस्रांश सेकंद टिकतो. डोळ्यांनीं पाहून हाताला नवी आज्ञा देण्यास माणसाला जवळजवळ एक पंचमांश सेकंद हवा. म्हणजे काठी खालीं येऊं लागली कीं डोळ्यांनीं पाहून सुधारणा करावयाची वेळ बहुतेक टळलेलीच असते. टोला बसल्याची जाणीव मेंदूला पोंचते, तेव्हां चेंडू काठी सोडून निघून गेलेला असतो.

मग डोळे चेंडूवर ठेवण्याचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो मानेच्या द्वारें. काठी ज्या वर्तुळांत फिरते त्याचा मध्य खेळाडूच्या छातीच्या वरच्या भागांत असतो. डोकें व खांदे दोन अंगुळें वर उचलले गेले तर काठीहि तितकीच वर येते, आणि चेंडूच्या पोटाऐवजीं माथा सांपडतो. डोळे एका जागीं स्थिर असले म्हणजे डोकें आपोआप आवरलें जातें. जुन्या शिक्षकांना रोग बरोबर समजला होता आणि औषधहि लागू पडत होतें. चुकलें होतें तें निदान. जॅक निकलस हा ओहायो संस्थानांत लहानपणीं शिकत असतांना जॅक ग्राउट या त्याच्या गुरूनें दुसरा मार्ग योजला. त्याचा मदतनीस मुलाचे केंस मुठींत धरून समोर उभा राही. डोकें हललें कीं केंस ओढले जात आणि मुलाच्या डोळ्यांत पाणी येई. हाच मुलगा पुढें अठरा प्रमुख अजिंक्यपदें मिळविता झाला.

तथापि डोकें जखडून ठेवणें हाहि अखेरचा नियम ठरला नाहीं. अमेरिकेचा डेव्हिड डुव्हल आणि स्वीडनची ॲनिका सोरेनस्टाम या दोघांचें डोकें टोल्याच्या क्षणींच शरीराबरोबर लक्ष्याकडे वळत असे. दृष्टि तेव्हां चेंडूवर नसे. डुव्हलनें १९९९ सालीं आणि सोरेनस्टामनें २००१ सालीं अठरा खळग्यांचा डाव ५९ टोल्यांत संपविला. डोकें वळलें तरी तें वर उचललें गेलें नाहीं, यांतच त्यांच्या यशाचें रहस्य आहे. वळणें निराळें आणि उठणें निराळें.

खळग्याजवळच्या हलक्या टोल्यांत मात्र नजरेचें महत्त्व पुन्हां प्रस्थापित झालें. कॅनडांतील कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनीं १९९२ सालीं खेळाडूंच्या डोळ्यांची हालचाल मोजून निबंध प्रसिद्ध केला. कसलेल्या खेळाडूची नजर थोड्याच ठिकाणीं जाते. टोल्यापूर्वीं ती चेंडूवर स्थिरावते आणि चेंडू गेल्यावरहि क्षणभर त्याच जागेवर राहते. कच्च्या खेळाडूची नजर चेंडू, काठी व खळगा यांमध्यें भिरभिरत असते. यालाहि अपवाद निघाला: २०१५ सालीं जॉर्डन स्पीथ जवळचे टोले चेंडूकडे न पाहतां खळग्याकडे पाहून मारीत असे, आणि त्याच वर्षीं त्यानें दोन प्रमुख स्पर्धा जिंकल्या. त्याची नजर चेंडूवर नव्हती. पण ती एकाच ठिकाणीं होती, भटकत नव्हती.

सव्वाशें वर्षांहून अधिक काळ दिल्या जाणाऱ्या उपदेशाचें सार एवढेंच उरतें. डोळे टोला मारीत नाहींत. ते टोल्याच्या आधींच आपलें काम पुरें करतात. चेंडू कोठें आहे हें शरीराला सांगावें, आणि शरीर आपलें काम करीत असतां त्याला विचलित करूं नये, इतकेंच त्यांचें कर्तव्य. डलूथच्या मैदानावर क्लिंट रसेलच्या काठीमागें हें पहिलें काम सोबत्याचे डोळे करीत, आणि दुसरें काम, म्हणजे मध्येंच न डोकावणें, हें डोळसांना सर्वांत कठीण वाटणारें काम त्याला कोणी शिकवावें लागलें नाहीं.