संगमावरच्या होड्या

श्रोतेहो, वरवंडच्या तळ्यात खडकवासल्याच्या कालव्याने मुठेचे पाणी येते, हे तुम्हांस ठाऊकच आहे. तीच मुठा पुण्यात मुळेला मिळते. त्या संगमापाशी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘रिगाटा’, म्हणजे होड्यांचा मेळा, १९२८ साली सुरू झाला. कयाकला दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे. पंट मात्र सपाट तळाची, उभे राहून बांबूने रेटायची. बांबू चिखलात रुतला की गडी बांबूलाच लोंबकळतो आणि होडी पुढे निघून जाते!

पण पावसाळा सरल्यावर नदीला एवढे संथ, खोल पाणी कुठले? त्याचे श्रेय खाली येरवड्याजवळच्या बंधाऱ्याला. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून तो १८५० च्या सुमारास झाला, तो पिण्याच्या पाण्यासाठी. शर्यती हे न पेरता आलेले पीक. मात्र अडवलेल्या पाण्यात घाणही साठते. शहराच्या सांडपाण्यावर जलपर्णी माजली की वल्हे चालतच नाही. नदीचे दुखणे, मला वाटते, वल्हेकऱ्याला सर्वांआधी कळते.

पुढे हेच पाणी रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. शिरूर-दौंडच्या काठावर पंपाच्या फुटव्हॉल्व्हला जलपर्णी गुंतली, तर ती संगमावरूनही आलेली असेल.