डिलीट झालं म्हणजे गेलं का?

शेलूबाजारातल्या कुठल्याही झेरॉक्स सेंटरचा विचार करा. आधार, सातबारा, मार्कशीट स्कॅन होते, प्रिंट निघते, फाइल डिलीट. पुढे तो कॉम्प्युटर जुना होऊन विकला जातो. मग त्यातल्या आधारचं काय?

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून सरळ सांगतो. हार्ड डिस्कवर डिलीट केलं की फक्त अनुक्रमणिकेतली नोंद जाते. पान तसंच राहतं, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.

2003 मध्ये एमआयटीच्या सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलत यांनी हे दाखवून दिलं. त्यांनी 158 जुन्या डिस्क विकत घेतल्या. 129 वाचता आल्या, आणि त्यात नीट पुसलेल्या निघाल्या फक्त 12. एका डिस्कवर तर एटीएमचे वर्षभराचे व्यवहार होते!

मग पुसायचं कसं? 1996 मध्ये पीटर गुटमन यांनी 35 वेळा वरून लिहायची पद्धत मांडली. लोकांनी तो आकडा मंत्रासारखा धरला. पण ती यादी तेव्हाच्या वेगवेगळ्या डिस्क मिळून होती. एकाच डिस्कवर सगळं चालवायची गरज नाही, हे नंतर गुटमन यांनीच सांगितलं. 2006 मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटीने 2001 नंतरच्या हार्ड डिस्कवर एकदा वरून लिहिणं पुरेसं मानलं.

म्हणून विकण्याआधी क्विक फॉरमॅटवर थांबू नका. डिस्क दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरला जोडून फुल फॉरमॅट करा. एसएसडी असेल तर तिच्या कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज वापरा. वेळ लागतो, लागू द्या. त्या डिस्कवर अख्ख्या गावाचे कागद असतात.