निरोध: रसद पोचली, शब्द अडला

आजचा विषय घरात मोठ्याने बोलला जात नाही. म्हणूनच तो घेतला आहे.

१९६८ साली केंद्र सरकारने दिल्लीतून 'निरोध'ची मोहीम सुरू केली. किंमत तीन नगांना १५ पैसे. वितरणासाठी हिंदुस्थान लिव्हर, ब्रुक बाँड, लिप्टन, युनियन कार्बाइड अशा कंपन्यांची मदत घेतली. साबण, चहा आणि बॅटरी जिथे पोचते, तिथे निरोध पोचवायचा, हा विचार. फौजेच्या भाषेत सांगतो, रसदीची आखणी उत्तम होती. पण रसद पोचली म्हणजे मोर्चा फत्ते झाला असे नव्हे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. पुनरुत्पादक वयातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांची नसबंदी झालेली. कंडोम वापरणारी जोडपी साडेनऊ टक्के. दिल्लीत हे प्रमाण त्याच्या दुपटीहून जास्त आहे. तरी देशाचा हिशोब एकच सांगतो: शस्त्रक्रिया बाईच्या वाट्याला, पुरुष मोकळा.

असे का? १९९९ साली शीरन, अब्राहम आणि ऑर्बेल या मानसशास्त्रज्ञांनी १२१ अभ्यास एकत्र तपासले. वय, स्वभाव, माहिती, आजाराची भीती यांचा कंडोमच्या वापराशी संबंध कमी निघाला. खरा संबंध तीन गोष्टींशी: कंडोमबद्दलचे मत, वापरायचा इरादा आणि जोडीदाराशी त्याविषयी झालेले बोलणे.

म्हणजे फळीवर माल हवाच, पण त्याआधी तोंडात शब्द हवा. आपल्या रघुनाथ धोंडो कर्व्यांनी हे फार आधी ओळखले होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले. किंमत मोजली ती विल्सन कॉलेजातल्या नोकरीची आणि कोर्टकचेऱ्यांची. दिल्लीच्या यंत्रणेला हाच धडा गिरवायला बराच काळ लागला. एड्सच्या प्रचारात आधी भीतीवर भर होता. २००८ मध्ये मात्र 'कंडोम' हा शब्दच मोबाइलची रिंगटोन झाला. लोक हसले. माझ्या मते ते हसणेच कामाचे होते, कारण ज्या शब्दावर चारचौघांत हसता येते, तो नवरा-बायकोला एकांतात उच्चारता येतो.

तेव्हा घरातल्या तरुण मुलांपुढे हा विषय निघाला, तर चॅनेल बदलू नका. दोन वाक्ये बोला. उद्या एखाद्या बाईची शस्त्रक्रिया त्याने टळेल.