'लिनक्स'च्या जागी १

समजा, सी भाषा शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रोग्राममधील एका चलाला 'लिनक्स' असे नाव दिले (सर्व अक्षरे लहान लिपीतली) आणि त्याची किंमत ५ ठरवली. विंडोजच्या संगणकावर प्रोग्राम सुरळीत चालला. लिनक्सच्या संगणकावर मात्र कंपायलरने तक्रार केली : जिथे नाव हवे तिथे संख्या आली आहे! ती ओळ पुनःपुन्हा वाचते, पण चूक सापडत नाही. सापडणार तरी कशी? चूक तिची नाहीच. ती कुठून आली हे पाहण्यासाठी आपल्याला पन्नास वर्षे मागे जावे लागेल.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची सी भाषा घडवत होते. १९७२-७३च्या सुमारास तिला प्रीप्रोसेसरची जोड मिळाली. कंपायलरने भाषांतर सुरू करण्यापूर्वी तो मजकुरावरून एक हात फिरवतो. 'हा शब्द दिसला की त्या जागी ते लिही' असे त्याला सांगून ठेवता येते. अशा शब्दाला मॅक्रो म्हणतात. शब्द कोणत्या अर्थाने आला आहे, याचा विचार तो करत नाही. पुढे माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी त्यात भर घातली आणि अट पाहून काही ओळी ठेवण्याची वा गाळण्याची सोय झाली.

ही सोय लवकरच मोलाची ठरली. १९७७ पासून युनिक्स प्रणाली पीडीपी-११ या यंत्रावरून इंटरडेटा ८/३२ वर आणि नंतर व्हॅक्सवर नेली गेली. प्रोग्राम एकच, पण यंत्रागणिक काही ओळी वेगळ्या. मग आपण कोणत्या यंत्रावर आहोत हे त्याला कळावे कसे? त्यासाठी कंपायलरच काही मॅक्रो आधीपासून ठरवून ठेवू लागला : 'युनिक्स', 'व्हॅक्स', 'पीडीपी११'. यंत्रे मोजकी होती, त्यामुळे कोणाची अडचण झाली नाही.

यंत्रे वाढली तशी अडचण वाढली. सन कंपनीच्या यंत्रांवर 'सन' हा शब्द मॅक्रो होता. ग्रहगणित करणाऱ्याने सूर्यासाठी तेच इंग्रजी नाव वापरले, तर सूर्याच्या जागी १ येई!

१९८९ मध्ये सी भाषेचे अमेरिकी मानक ठरले. कंपायलरने आधी ठरवलेल्या मॅक्रोंची नावे दोन अंडरस्कोअरने, किंवा एक अंडरस्कोअर आणि मोठ्या अक्षराने सुरू व्हावीत, असा नियम झाला. साधे शब्द प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी मोकळे राहिले. गंमत अशी, की लिनक्स जन्मले १९९१ मध्ये, म्हणजे नियमानंतर. तरी जुनी प्रथा चालू राहिली आणि 'युनिक्स'बरोबर 'लिनक्स'ही मॅक्रो झाला. जीसीसी हा कंपायलर आजही, वेगळे सांगितले नाही तर, दोन्हींच्या जागी १ लिहितो.

नावे अर्थानेही फसवतात. 'अंडरस्कोअर विन३२' हा मॅक्रो ६४ बिटांच्या विंडोजवरही असतो, कारण असंख्य जुने प्रोग्राम त्यावरूनच विंडोज ओळखतात. उलट ॲपलच्या मॅक प्रणालीला २००७ मध्ये युनिक्स म्हणून अधिकृत प्रमाणपत्र मिळाले, पण तिचा कंपायलर 'युनिक्स' हा मॅक्रो ठरवत नाही.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात करता येईल. लिनक्सवर जीसीसी घेऊन, कुठेही घोषित न केलेल्या 'लिनक्स'ची किंमत छापायला सांगा. १ छापले जाईल. मग 'अ‍ॅन्सी' हा पर्याय देऊन तोच प्रोग्राम पुन्हा भाषांतरित करा. आता कंपायलर म्हणेल, हे नाव मला माहीत नाही. विद्यार्थ्यांनी विचारावे, यातले बरोबर कोणते? नियमाला धरून दुसरे. पण पहिले काढून टाकले, तर त्यावर विसंबलेले जुने प्रोग्राम बिघडतील. म्हणून ते राहिले आहे, आणि नवशिक्याने मात्र स्वतःला दोष देण्यापूर्वी हा इतिहास माहीत करून घेतलेला बरा.