नोटीस कोणी कोणाला द्यायची?

व्हिक्टोरियन लंडनच्या घाणीची वर्णनं डिकन्सच्या कृपेने आपल्या ओळखीची झाली आहेत. मला त्या घाणीपेक्षा ती काढण्याचं काम कुणाकडे होतं, यात जास्त रस आहे.

१८५५ च्या कायद्याने ते पॅरिशच्या व्हेस्ट्रीकडे आलं. व्हेस्ट्री ही मूळची चर्चच्या खोलीत भरणारी सभा. आता ती करदात्यांनी निवडलेली छोटी नगरपालिकाच झाली. तिने एक आरोग्य अधिकारी आणि 'इन्स्पेक्टर ऑफ न्यूसन्सेस' नेमायचे. उपद्रव-निरीक्षक! तुंबलेलं गटार, भरून वाहणारा संडास, माणसांनी खच्चून भरलेली खोली, सगळं 'न्यूसन्स'. निरीक्षकाने पाहणी करायची, घरमालकाला नोटीस जायची, त्याने दाद दिली नाही तर मॅजिस्ट्रेट. कागदावर बिनतोड.

आता क्लार्कनवेल पाहू. १८८४ साली गरिबांच्या घरांच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन बसलं. अध्यक्ष चार्ल्स डिल्क, सदस्यांत खुद्द युवराज. क्लार्कनवेलच्या व्हेस्ट्रीत ७२ सभासद, सभेला येणारे सरासरी पंचवीस-तीस. तेरा-चौदा जणांचे हितसंबंध रोगट घरांत गुंतलेले. शिवाय दहा दारूगुत्तेवाले, एखाददुसरा सोडला तर त्यांच्याच बाजूचे. झालं बहुमत! यातले काही 'हाउस-फार्मर': संपत आलेले भाडेपट्टे घ्यायचे, खोलीखोलीत बिऱ्हाड घालायचं, दुरुस्ती मात्र करायची नाही. नोटीस ज्यांना जायची, तेच निरीक्षकाला पगार देणारे.

१८६६ च्या कायद्याने आणखी एक हत्यार दिलं होतं. भाड्याच्या घरांची नोंदणी, खोलीत किती माणसं, सफाई कधी, यांचे नियम व्हेस्ट्री करू 'शकत' होती. ते जोमाने वापरणारे पॅरिश कमिशनला दोनच आढळले, चेल्सी आणि हॅकनी. नियम सक्तीचे व्हायला १८९१ उजाडलं. एका क्रियापदाने पंचवीस वर्षं खाल्ली, असं मी म्हणेन.

पण प्रामाणिक निरीक्षकाचीही पंचाईत होती. कमिशनपुढच्या आकड्यांनुसार गरिबांपैकी ४६ टक्के लोक मिळकतीचा पाव ते अर्धा हिस्सा भाड्यात घालत. रोजंदारीसाठी कामाजवळ राहणं भाग. गर्दी हटवली की बिऱ्हाड शेजारच्या गल्लीत, तितक्याच भरलेल्या खोलीत जाई. आणि भाडेकरू आठवड्याच्या बोलीवर राहणारे. गटाराची तक्रार करणाऱ्याला पुढच्या आठवड्यात मालक बाहेर काढू शके. म्हणून ते तक्रारच करत नसत.