लोहगड आणि विसापूर : दुर्गाच्या दृष्टिक्षेत्राचा एक विचार

पुनावळ्यापासून पवनेच्या प्रवाहाविरुद्ध पश्चिमेकडे निघाले असता नदीचे खोरे क्रमाने चिंचोळे होत जाते आणि पवनमावळाच्या उत्तर अंगास लोहगड व विसापूर ही जोडदुर्गांची भिंत उभी राहते. गडाच्या माथ्यावरून दिसणारा विस्तीर्ण देखावा हा आज प्रेक्षणीय विषय मानला जातो. ज्यांनी हे दुर्ग बांधले व राखले त्यांना मात्र तो देखावा म्हणजे दुर्गाचे अर्धे सामर्थ्य होते.

लोहगडाच्या उत्तरेस इंद्रायणीचे खोरे पसरले असून कोकणातील बंदरांतून बोरघाटाने वर येणारी वाट त्यातूनच देशावर उतरते. कार्ले व भाजे येथील लेणी या वाटेच्या प्राचीनत्वाची साक्ष देतात. खुद्द लोहगडाच्या कड्यातील लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक जैन शिलालेखही 2019 मध्ये प्रकाशात आला. दक्षिणेस पवनेचे खोरे, आता धरणाच्या जलाशयाने व्यापलेले, आणि त्यापलीकडे तुंग व तिकोना. दोन्ही खोरी एकाच ठिकाणाहून नजरेत ठेवणारा हा गड निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस हस्तगत केला, यात नवल नाही. 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांस दिलेल्या तेवीस किल्ल्यांत लोहगड होता व 1670 मध्ये तो परत स्वराज्यात आला.

गडाचा चढाव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा असे चार दरवाजे नागमोडी वाटेवर एकामागून एक येतात. चढणाऱ्यास प्रत्येक वळणावर केवळ पुढची भिंत दिसते. वरच्या बुरुजावरील पहारेकऱ्यास मात्र चढणारा मनुष्य प्रत्येक वळणावर दिसत राहतो. हनुमान दरवाजा यांत जुना समजला जातो. उत्तर पेशवाईत गड नाना फडणिसांच्या हाती आल्यावर येथे मोठी बांधकामे झाली. सोळा कोनांचे तळे त्याच काळातले. पश्चिमेकडे निघालेली विंचूकाट्याची चिंचोळी सोंड तटाने बांधून घेतलेली आहे, ती घाटाकडील टेहळणीसाठीच होय.

नानांच्या मृत्यूनंतर (1800) त्यांची पत्नी जिऊबाई हिने किल्लेदार धोंडो बल्लाळ नित्सुरे यांच्या आश्रयाने याच गडावर दिवस काढले आणि 1803 मध्ये वेलस्लीने अभय व वार्षिक 12,000 रुपयांची नेमणूक कबूल केल्यावर ती पनवेलीस गेली. पुण्याचा पेशवा प्रतिकूल असता एका विधवेस गडाने संरक्षण द्यावे, ही गोष्ट त्याच्या बळकटीविषयी पुष्कळ सांगून जाते.

एवढ्या बळकट गडास एक उणीव होती आणि ती निसर्गदत्त होती. गायमुख खिंडीपलीकडे उभा असलेला विसापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,084 मीटर उंच आहे. लोहगड सुमारे 1,033 मीटर. हे पन्नास मीटरांचे अंतर धनुष्यबाणाच्या युगात फारसे जाणवले नसेल. तोफेच्या युगात मात्र विसापुरावरून लोहगडाचा माथा उघड्या अंगणासारखा दिसू लागला. लोहगडावर उभे राहून चारी दिशा न्याहाळता येतात खऱ्या, पण पूर्वेस नजर विसापूरच्या कड्याला अडते, आणि नेमकी तीच दिशा घातक ठरली. 4 मार्च 1818 रोजी कर्नल प्रॉथरच्या सैन्याने विसापूर घेतला. दुसऱ्याच दिवशी लोहगड लढाईवाचून पडला. विसापूर गेल्यावर लोहगड लढविण्यात अर्थ उरला नव्हता, हा शिबंदीचा हिशेब होता; त्यास भ्याडपणा म्हणणे अन्यायाचे होईल. इंग्रजांनी पुढे विसापूरचे दरवाजे सुरुंगाने उडविले आणि लोहगडाचे तसेच राहू दिले. कोणता गड अधिक धोक्याचा, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा दुर्ग जागतिक वारसा यादीत नोंदले गेले. त्यांत लोहगड आहे, विसापूर नाही. भूदृश्य हा शब्द योजूनही जोडीतला उंच गड बाहेर राहावा, हे विचित्र वाटते. लोहगडावर येणारे बहुतेक लोक महादरवाजातून वर जाऊन विंचूकाट्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे वळतात. ज्यास 1818 चा प्रसंग समजून घ्यावयाचा असेल त्याने प्रथम खिंड ओलांडून विसापूरच्या पठारावर चढावे आणि तेथून खाली लोहगड पाहावा.