सावकाश चाकाची वाट
(गव्हाण आणि पनवेलच्या निवांत रस्त्यांचा इतिहास)

सायकलवरून रपेटीस निघणारा मनुष्य रस्ता निवडतांना बहुधा तीन गोष्टी पाहतो. चढ फार नसावा, सोबतीला नदी किंवा डोंगर असावा, आणि वर्दळ नसावी. यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी निसर्गाच्या स्वाधीन आहेत, तिसरी इतिहासाच्या. आज जो रस्ता निवांत वाटतो तो पुष्कळदां एके काळीं गजबजलेला होता, आणि त्याचा भार दुसऱ्या मार्गानें उचलला म्हणून तो निवांत झाला. हा निवांतपणा कोणालाहि कायमचा मिळालेला नसतो. पनवेल तालुक्यांतील गव्हाण आणि त्याच्या भोंवतालचा डोंगराळ मुलूख हें याचें मुंबईकरांना अगदीं जवळचें उदाहरण आहे.

प्रथम भूमीची ओळख करून घेऊं. पनवेलच्या पूर्वेस माथेरानचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याकडून निघालेली गाढी नदी भातखाचरांमधून वाहत पनवेलजवळ खाडीला मिळते. दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका आणि त्याच्या पलीकडे खोपोलीकडून येणारी पाताळगंगा. पश्चिमेस, एका बाजूला डोंगराची रांग व दुसऱ्या बाजूला खाडीचें खाजण अशा चिंचोळ्या पट्ट्यांत, पनवेलहून उरणकडे जातांना गव्हाण लागतें. दोन नद्यांचीं खोरीं व मध्यें बेताच्या उंचीचे डोंगर अशी ही रचना असल्यामुळें येथील वाटा सह्याद्रीच्या कुशींत शिरतात, पण घाट चढण्याची सक्ति करीत नाहींत.

या मुलुखाचें नशीब मात्र घाटाशींच बांधलेलें होतें. देशावरचा माल बोरघाट उतरून पनवेलास येई आणि तेथून गलबतांत भरून मुंबईस जाई. १८३० सालीं, सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतां, बोरघाटांतून चाकाच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला. तोंवर ओझ्याच्या बैलांच्या पाठीवरून जें उतरत होतें तें आतां गाडीवरून उतरूं लागलें. पनवेलच्या बाजाराला बरकत आली. १८५२ सालीं, म्हणजे आगगाडी बोरघाटाशीं पोहोंचण्यापूर्वींच, तेथें नगरपालिका स्थापन झाली. त्या काळीं पनवेलची विशेष ख्याति होती ती गाडीच्या चाकांविषयीं. देशावरून आलेला गाडीवान परत जातांना पनवेलच्या चाकांची जोडी घेऊन जाई, अशी नोंद जुन्या सरकारी गॅझेटियरांत सांपडते. आज ज्या वाटांवर सायकलची चाकें फिरतात त्या वाटांच्या तोंडाशींच चाकें घडविणारें गांव होतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

नंतर आगगाडी आली. १८५६ सालीं ती खोपोलीपर्यंत पोहोंचली आणि १८६३ सालीं घाट चढून सलग पुण्यास जाऊं लागली. तिचा मार्ग कल्याण-कर्जतवरून गेला. पनवेल बाजूला राहिलें. बंदराचा देशावरील व्यापार आटला, आणि ज्या सडकेवर गाड्यांच्या रांगा लागत तेथें शुकशुकाट झाला. पनवेलास स्वतःचा लोहमार्ग मिळण्यास त्यानंतर शंभर वर्षें लागलीं; दिव्याहून येणारा फांटा १९६४ सालीं तेथें पोहोंचला.

असाच प्रकार इंग्लंडांतहि घडला होता. तेथील टपालगाड्यांचे राजरस्ते आगगाडीनें ओस पाडले. मग १८८५ सालीं सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीनें चालणारी सायकल बाजारांत यशस्वी झाली. १८८८ सालीं डनलॉप यांनीं हवा भरलेली धांव बनविली. आणि त्या ओस रस्त्यांना सायकलस्वारांनीं पुन्हां जाग आणली. रस्ते सुधारावेत म्हणून तेथें १८८६ सालीं जी चळवळ उभी राहिली ती मुख्यतः सायकलस्वारांच्या संस्थांनीं उभारलेली होती. मोटारीला पुढें जो गुळगुळीत रस्ता मिळाला त्याची पहिली मागणी सायकलवाल्याची होती. आणि त्याच रस्त्यावरून मोटारीनें सायकलवाल्याला कडेला सारलें.

आपल्याकडेहि सायकल लवकरच रुजली. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईचे कांहीं पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे प्रदक्षिणा पुरी करून १९२८ च्या मार्चांत परत आले. त्यांच्या प्रवासवर्णनास पंडित नेहरूंनीं प्रस्तावना लिहिली. आणि मुंबई-पुणें ही नामांकित सायकल शर्यत बोरघाटाच्या चढावरच स्वारांची परीक्षा घेत आली. बैलाला झेपेल अशा बेतानें काढलेल्या सडकेचीं वळणें सायकलस्वाराच्या पायांनाहि मानवतात. दोघांच्याहि शक्तीला मर्यादा असते.

आतां गव्हाणकडे वळूं. हा पश्चिमेचा पट्टा घाटाच्या राजरस्त्यापासून दूर होता. येथील रस्ता निवांत होता तो त्याचा भार कोणी उचलला म्हणून नव्हे. त्याच्यावर फारसा भार कधीं पडलाच नव्हता. भात, मीठ आणि मासळी यांवर जगणारीं हीं गांवें, आणि मुंबई समोर दिसत असली तरी मध्यें खाडी. पण निवांत म्हणजे निद्रिस्त नव्हे. गव्हाणफाट्यावरून दिघोडेमार्गें जो रस्ता डोंगराच्या कडेकडेनें खारपाड्याकडे जातो त्याच्यावरच चिरनेर आहे. तेथें २५ सप्टेंबर १९३० रोजीं जंगल सत्याग्रह झाला, आणि गोळीबारांत आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. ज्या रानांतून जातांना आपण सावलीचें कौतुक करतों त्या रानाच्या हक्कासाठीं माणसांनीं प्राण दिले आहेत.

पुढें परिस्थिति झपाट्यानें पालटली. १९७० सालीं नव्या मुंबईच्या उभारणीसाठीं सिडकोची स्थापना झाली. १९७३ सालीं ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला. शेतें संपादन होऊं लागलीं. योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांचें जें आंदोलन झालें त्यांत १९८४ च्या जानेवारींत, १६ व १७ तारखांना, जासई व दास्तानफाटा या भागांत गोळीबार होऊन पांच जण मृत्युमुखीं पडले. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झालें. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून न्हावा-शेव्याकडे येणारा जवळजवळ २२ किलोमीटरांचा सागरी सेतु खुला झाला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं गव्हाणच्या शेजारीं उलव्याचा डोंगर उतरवून व उलवे नदीचा प्रवाह वळवून बांधलेल्या विमानतळाचें उद्घाटन झालें.

ज्याची जमीन गेली त्याचें नुकसान आणि सहलीला निघालेल्याची गैरसोय हीं एका तराजूंत घालतां येणार नाहींत. तरी रस्त्याच्या इतिहासांतील एक गोष्ट दोघांनाहि लागू आहे. पूर्वीं नवा मार्ग झाला कीं जुना मोकळा होई. आतां नवे मार्ग सावकाश चाकाला प्रवेशच देत नाहींत: २००२ सालीं पूर्ण झालेल्या द्रुतगति मार्गावर सायकलला मज्जाव, सागरी सेतूवरहि मज्जाव. मग सावकाश चाकानें जुन्या रस्त्यावर जावें, तर तेथें बंदराच्या अवजड गाड्या. गव्हाणफाटा ते चिरनेर या रस्त्यालगत मालाचीं गोदामें झालीं आहेत, आणि पेटाऱ्यासारखे प्रचंड डबे वाहणारीं वाहनें त्याच अरुंद वाटेनें जातात. त्यांच्या शेजारून सायकलवर जातो तो केवळ शहरचा हौशी स्वार नव्हे. शाळेंत जाणारा मुलगा असतो, कामावर जाणारा मजूर असतो, आणि पायीं चालणारी मासेविक्रेती बाई असते.

मग निवांत रस्ता उरला कोठें? जेथें रस्ता पुढें संपतो तेथें. पनवेलहून गाढीच्या खोऱ्यानें नेरें, मालडुंगें करीत धोदाणीपर्यंत जावें. पनवेल शहरास पाणी पुरविणारें देहरंगचें धरण याच खोऱ्यांत आहे. धोदाणीशीं माथेरानचा कडा आडवा येतो. गाडीरस्ता तेथेंच थांबतो आणि पुढें पायवाट चढते. त्या रस्त्यानें पलीकडे कोठेंहि जातां येत नाहीं, म्हणून त्याच्यावर परका भार येत नाहीं. पाताळगंगेच्या कांठीं आपट्याच्या बाजूसहि असे तुकडे अजून सांपडतात. मात्र रसायनीचे कारखाने जवळ असल्यानें वेळ सकाळची निवडावी. गणपतीनंतर पाऊस ओसरूं लागतो तेव्हांपासून होळीपर्यंतचा काळ या वाटांना उत्तम.

परंतु केवळ कड्याच्या आडकाठीवर विसंबून राहणें शहाणपणाचें नाहीं. इतिहास पाहतां निवांतपणा हा दोन वर्दळींच्या मधला अवकाश आहे. तो टिकवावयाचा तर हेतुपुरस्सर टिकवावा लागेल. नवा मार्ग आंखतांना त्याच्या अंगास पायीं व सायकलनें जाणारांसाठीं वेगळी पट्टी ठेवणें, आणि अवजड वाहनांना गांवच्या रस्त्यांवरून ठराविक वेळीं बंदी घालणें, या कांहीं अशक्य मागण्या नव्हेत. जलद चाकासाठीं या मुलुखानें डोंगर दिला, नदी वळवूं दिली, शेतें दिलीं. सावकाश चाकाला त्यानें हातभर कड मागावी, हें कांहीं फार मागणें नाहीं. ज्या पनवेलनें सगळ्या देशाला चाकें पुरविलीं त्याच्या परिसरांत तरी तें नाकारलें जाऊं नये.